सलाम मिळालेला मुसाफिर

इब्न बतूताचा ‘रिहला’ आपल्याकडे बहुधा इतिहासाचे साधन म्हणून उघडला जातो. महंमद तुघलकाचा दरबार, दौलताबादचा किल्ला, नंदुरबारचे मराठे एवढी पाने वाचायची आणि ग्रंथ मिटायचा, असे आम्हीही पुष्कळ वर्षे केले. पण प्रवासवर्णन म्हणून तो सलग वाचला, तर एक वेगळाच प्रश्न समोर येतो. घर सोडलेल्या माणसाला घर कोण देते?

१३२५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, इब्न बतूता हजसाठी टँजियरहून एकटाच निघाला. वाटेत ताप भरला, तेव्हा घोड्यावरून पडू नये म्हणून त्याने पागोट्याने स्वतःला खोगिराशी बांधून घेतले. काफिला ट्यूनिसला पोहोचला. शहरातले लोक सामोरे आले आणि आपापल्या माणसांना सलाम करू लागले. ह्याला कोणी ओळखत नव्हते. त्याला रडू आवरेना. ते पाहून एक यात्रेकरू जवळ आला, त्याने सलाम केला आणि शहरात शिरेपर्यंत तो त्याच्याशी बोलत राहिला.

तीस वर्षांनी, १३५५मध्ये, त्याच्या कथनावरून इब्न जुझय्यने हा ग्रंथ पुरा केला, तेव्हाही तो सलाम त्याच्या स्मरणात होता. ग्रंथातले सारेच त्याचे स्वतःचे नाही. काही वर्णने आधीच्या इब्न जुबैरच्या ग्रंथातून उचललेली आहेत. ट्यूनिसच्या प्रसंगाला मात्र उसनेपणाचा वास नाही.

अनातोलियाची पाने ह्याच धाग्याने विणलेली आहेत. अंतालियात जीर्ण कपड्यांतला एक माणूस त्याला जेवायला बोलावतो. भाषा कळत नाही, आणि गरिबाला तोशीस नको म्हणून हा संकोचतो. मग कळते की तो चामड्याचे काम करणारा कारागीर असून ‘अखी’ नावाच्या बिरादरीचा प्रमुख आहे. त्याचे दोनशे साथी दिवसा कमावतात आणि रात्री ती कमाई मुसाफिरांच्या दस्तरखानावर खर्च करतात. देनिझलीत तर दुकानांतून लोक धावत येऊन घोड्यांचे लगाम धरतात, आपसांत सुरे उपसतात. हा त्यांना लुटारू समजतो. भांडण होते ते पाहुणा कोणाकडे उतरणार यावरून! अखेर चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. मेहमाननवाजीचे इतके जिवंत आणि हसरे चित्र आम्ही दुसरीकडे क्वचितच वाचले आहे.

पण समीक्षकाने इथेच दाद देऊन थांबू नये. ह्याच अनातोलियात, अयासुलूकला, इब्न बतूता चाळीस सोन्याचे दीनार देऊन एक ग्रीक मुलगी विकत घेतो आणि एका वाक्यात ते सांगून पुढे जातो. तीही घरापासून तुटलेलीच होती. तिला सलाम कोणी केला, हे ग्रंथ सांगत नाही. ट्यूनिसच्या वेशीवर रडलेल्या माणसाला तिचे रडणे ऐकू आले नाही, ही ह्या थोर ग्रंथाची उणीव आहे. ‘काळच तसा होता’ असे म्हणून ती झाकता येणार नाही. परकेपणाचे दुःख काय असते, हे त्याला पुरते ठाऊक होते.

चीनमध्ये मुसलमान भेटले की आपलेच नातलग भेटल्यासारखे वाटे, असे तो सांगतो. ते खरेच असणार. पण १३४२मध्ये अलीगढजवळच्या कोइल इथे हिंदू लुटारूंनी त्याला पकडले, तेव्हा त्या टोळीतल्याच एका तरुणाने त्याला सोडून दिले. त्याने आपला अंगरखा काढून त्या तरुणाला दिला. तरुणाने त्याला जुने वस्त्र दिले आणि वाट दाखवली. धर्म, भाषा, बिरादरी यांतले काहीही समान नसताना घडलेली ही देवाणघेवाण आम्हांला अखींच्या मेजवानीहून मोठी वाटते. इब्न बतूता मात्र तिच्यावर रेंगाळत नाही.

१३४८मध्ये दमास्कसला त्याला कळले की, वडील जाऊन पंधरा वर्षे झाली. पुढल्या वर्षी तो मायदेशी परतला, तोवर आईही महामारीत गेली होती. ज्या घरासाठी तो रडला होता, ते उरले नव्हते. उरले ते वाटेवरच्या अनोळखी माणसांनी दिलेले. आपल्या ह्या वारशाचा अभिमान आम्हांलाही आहे. म्हणूनच अंतालियाचा कारागीर आणि अयासुलूकची ती अनाम मुलगी, दोघांनाही एकाच वाचनात भेटावे, एवढेच आमचे वाचकांना सांगणे आहे.