पडद्यावरचा कुलवृत्तांत : गोव्याच्या नोंदींचे एक वाचन

कुलवृत्तांत हा मराठीतला जुना आणि मानाचा ग्रंथप्रकार. ज्यांचे पणजोबा गोव्याहून मुंबईला आले, अशी आपली अनेक कुटुंबे आज आंतरजालाच्या आधारे आपापला कुलवृत्तांत जुळवू पाहत आहेत. तेथे हाती लागणारी साधने म्हणजे साहित्य नव्हे. परंतु ती वाचावी लागतात, आणि जे वाचावे लागते त्याची चिकित्साही व्हावयास हवी.

या शोधाचा मूलाधार म्हणजे धर्मग्रामाच्या नोंदवह्या. त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहांची नोंद ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बालकाबरोबर आईबाप आणि धर्ममातापिता यांचीही नावे येतात. दुसरा आधार पणजीच्या पुराभिलेखागाराचा. त्याची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते. इतिहासकार दियोगु दु कौतु हा त्याचा पहिला रक्षक. तिसरे ठिकाण लिस्बन. तेथील तोर्रे दु तोंबु या अभिलेखागाराची सूची आणि अनेक दस्तऐवजांच्या प्रतिमा घरबसल्या पाहता येतात.

मात्र येथे वाचकाने सावध असावे. राजदरबारी कागदांत अधिकारी भेटतात. शेतकरी, रेंदेर, खारवी क्वचितच. सामान्य माणूस सरकारी कागदात येतो तो बहुधा आरोपी होऊन. जुवांव देल्गादु फिगेइरा याने १६२३ साली गोव्याच्या इन्क्विझिशनच्या सुमारे ३८०० खटल्यांची सूची केली. इन्क्विझिशन १८१२ साली कायमचे बंद झाले आणि मूळ कागद बहुतांशी नष्ट झाले, सूची उरली. आपला पूर्वज तेथे सापडला तर अभिमान वाटावा की वेदना व्हावी? वंशावळीच्या आखीव तक्त्यात या प्रश्नाला रकाना नाही.

शोधयंत्राचा खरा दोष याहून खोल आहे. नाव म्हणजेच कूळ, असे ते धरून चालते. गोव्यात धर्मांतराच्या वेळी धर्मपित्याचे आडनाव स्वीकारण्याची रीत होती. त्यामुळे एकाच गावातले दोन फर्नांडिस रक्ताने परके असू शकतात, आणि सख्ख्या भावांची आडनावे निराळी निघू शकतात. पडद्यावर हजार फर्नांडिस उमटतात. त्यांतला आपला कोणता, हे वाडा, घर आणि धर्ममातापिता यांवरूनच ठरते. बाप्तिस्म्यापूर्वीचे नाव तर बहुधा हरवलेलेच असते. जो केवळ उच्च कुळाचा पुरावा धुंडाळतो, त्याला यंत्र हवे ते उत्तर देऊन मोकळे होते.

आणखी एक प्रश्न आपल्या श्रद्धेला भिडतो. फॅमिलीसर्च हे जगभरच्या नोंदींचे विनामूल्य भांडार मॉर्मन पंथीय संस्थेने उभारले आहे. मृतांसाठी बाप्तिस्मा ही त्या पंथाची धारणा. म्हणूनच २००८ साली व्हॅटिकनने धर्मप्रांतांना आपल्या नोंदवह्या त्या संस्थेच्या हाती न देण्याची सूचना केली. या सूचनेमागील चिंता समजण्याजोगी आहे. पण केवळ नकार देऊन आपले कर्तव्य संपत नाही. कोकणच्या दमट हवेत कागद विरतो, शाई कागद खाते, वाळवी धर्म पाहत नाही. दुसऱ्याला द्यायचे नसेल, तर आपण स्वतः त्यांच्या प्रतिमा घेऊन ठेवल्या पाहिजेत.

यास्तव या साधनांविषयी आमचा अभिप्राय असा : ती वाट दाखवतात, घरापर्यंत पोहोचवत नाहीत. आरंभ घरातल्या वृद्धेपासून करावा. गावाचे, वाड्याचे, घराण्याच्या टोपणनावाचे तिच्याकडून टिपण घ्यावे आणि मग पडदा उघडावा. शेवटी धर्मगुरूंची परवानगी घेऊन मूळ वही पाहावी. 'पिता अज्ञात' एवढीच नोंद असलेले बालकही त्या वहीत आपल्या पणजोबांच्या शेजारीच लिहिलेले आहे. त्याच्यावरून नजर न वळवता जो पुढचे पान उलटील, त्यालाच कुलवृत्तांत लिहिण्याचा अधिकार आहे.