सामरीचा शाप आणि लेबर रूम

‘पुराना मंदिर’वरच्या आमच्या एपिसोडमध्ये एका ठिकाणी कुणीच काही बोलत नाही. नुसता पंख्याचा आवाज येतो. ऐकणाऱ्या दोघांनी मेसेज करून विचारलं, फाइल करप्ट झालीय का? झालेली नाही. तिथे आम्ही तिघं खरंच गप्प बसलो होतो. ती शांतता ठेवायची की कापायची, यावरून मी आणि माझा रूममेट चार दिवस भांडत होतो.

आधी हा उद्योग काय आहे ते सांगतो. आम्ही दोघं पुण्यात राहतो, दिवसभर कोड लिहितो आणि रात्री सिनेमे बघतो. चारचौघांत ज्यांचं नाव घेतलं की लोक ‘ते काय बघायचं’ म्हणतात, असे सिनेमे. रामसेंची भुतं, ‘झपाटलेला’, रबरी राक्षसांच्या सायन्स फिक्शन फिल्म्स. महिन्यातून एकदा तिसऱ्या कुणाला तरी सोबत बसवून सिनेमा बघायचा आणि नंतर माइकसमोर त्याची चिरफाड करायची. तिसरा माणूस दर वेळी नवा.

कल्पना आमची नाही. अमेरिकेत मिनियापोलिसच्या एका लोकल चॅनलवर १९८८ मध्ये ‘मिस्ट्री सायन्स थिएटर ३०००’ सुरू झालं, तिथून ही परंपरा येते. एक माणूस आणि दोन रोबो पडद्यासमोर बसलेत, आपल्याला त्यांच्या सावल्या दिसतायत, आणि ते समोरच्या टुकार सिनेमावर सतत शेरे मारतायत. त्यांनीच ‘मॅनोस: द हँड्स ऑफ फेट’ हा १९६६ चा विसरला गेलेला सिनेमा उकरून काढला. टेक्सासमधल्या एका खतविक्रेत्याने काढलेला सिनेमा. कॅमेरा असा, की एका दमात जेमतेम अर्धा मिनिट शूट होणार. सगळ्या पात्रांचे आवाज नंतर दोन-चार लोकांनी मिळून भरलेले. कॉलेजात असताना तो एपिसोड बघून मी पोट धरून हसलो होतो. पुढे कधीतरी वाचलं, की त्यात काम करणारी लहान मुलगी प्रीमियरला आपल्या तोंडी भलत्याच बाईचा आवाज ऐकून रडली होती. हे कळल्यावर हसू थांबलं असं म्हणणार नाही. पण जरा अडखळलं.

तर पाहुण्यांविषयी. पहिले पाच-सहा एपिसोड आम्ही आमच्यासारखेच सिनेमावेडे बोलावले, आणि ते एपिसोड वाईट झाले. तीन आवाजांत एकच जोक. ‘झिप दिसतेय बघ’, ‘वटवाघळाची दोरी दिसतेय बघ’. ‘इतका वाईट की मस्त’ हे वाक्य आम्ही इतक्यांदा वापरलंय की आता त्याची लाज वाटते. त्या वाक्यात टीका नसतेच. आपण या सिनेमापेक्षा वरचे आहोत, एवढंच त्यातून सांगायचं असतं.

‘पुराना मंदिर’साठी ठरलेला पाहुणा ऐनवेळी आला नाही. मामी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या तपासणीला आमच्याकडे आली होती. रूममेट म्हणाला, मामीलाच बसवू. मामी सातारा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात एकतीस वर्षं सिस्टर होती, त्यातली बरीचशी लेबर रूममध्ये. सिनेमात तिला काडीचा रस नाही. ती म्हणाली, “बसते, पण मला झोप आली तर मी उठणार.”

सिनेमा १९८४ चा, तुलसी आणि श्याम रामसे यांचा. रामसेंचं सगळं घरचंच काम होतं. सात भाऊ, कुणी कॅमेऱ्यामागे, कुणी साउंडवर, कुणी एडिटिंगला, कुणी पटकथेवर. त्यांचा १९७० चा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला. पण पृथ्वीराज कपूर राक्षसाचा मुखवटा घालून चोरी करतात तो एक सीन बघायला लोक येतात, हे भावांच्या लक्षात आलं. मग त्यांनी ठरवलं, सगळा सिनेमाच त्या सीनसारखा करायचा. महाबळेश्वरला युनिट नेऊन थोडक्या पैशांत ‘दो गज जमीन के नीचे’ काढला, तो १९७२ मध्ये आला आणि चालला. ‘पुराना मंदिर’ हा त्या सगळ्या वाटचालीचा कळस. त्यातला सैतान सामरी म्हणजे अजय अगरवाल. हा उंचापुरा माणूस रुरकीचा सिव्हिल इंजिनियर होता. यावर आम्ही प्लेसमेंटचे जोक तयार ठेवले होते.

गोष्ट अशी. दोनशे वर्षांपूर्वी एक राजा सामरीला पकडून त्याचं मुंडकं उडवतो. मुंडकं पेटीत बंद, धड जुन्या देवळामागे पुरलेलं. मरताना सामरी शाप देतो, की जोवर मुंडकं धडापासून वेगळं आहे, तोवर या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. पुढच्या पिढ्यांत तसंच होत जातं. बाळंतपणाची वेळ येते, बाईचा चेहरा विद्रूप होतो, आणि ती जाते.

तो विद्रूप चेहरा पडद्यावर आला आणि रूममेट म्हणाला, “मेकअपमनने बटाटेवड्याचं पीठ थापलंय.” मी हसलो. मामी म्हणाली, “थांबव जरा.”

मला वाटलं, घाबरली. ती स्क्रीनकडे बघत होती. मग सांगायला लागली. नोकरीची पहिली वर्षं. रात्री एक पहिलटकरीण जीपमधून आणली. तोंड इतकं सुजलेलं की डोळे उघडत नव्हते. झटके येत होते, जीभ दाताखाली सापडलेली, तोंडाला रक्ताचा फेस. नवरा आत यायला तयार नव्हता. बाहेरचं आहे, म्हणत होता. आधी एका देवऋषाकडे नेऊन आले होते, त्यात अर्धा दिवस गेला. “एक्लॅम्पशिया,” मामी म्हणाली. “बीपी वाढतं, अंगावर सूज येते, मग झटके. ह्याच्याहून भयंकर दिसतं. तुमचा मेकअप कमीच आहे.”

रूममेटने विचारलं, “वाचली?”

“बाळ वाचलं.”

त्यानंतर पंख्याचा आवाज.

रामसेंना एक्लॅम्पशिया माहीत होता असं मला म्हणायचं नाही. त्यांना हवा होता एक असा शाप, जो ऐकताच थिएटरातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल. त्या काळी बाळंतपणात गेलेली एखादी बाई ठाऊक नाही, असं घर शोधावं लागलं असतं. २०१८–२० च्या सरकारी आकडेवारीत महाराष्ट्रात लाखभर जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशात ९७. चाळीस वर्षांपूर्वीचं चित्र मामीसारख्यांनाच विचारायला हवं. म्हणजे आम्ही ज्याला पीठ म्हणत होतो, ते तिकीट काढून आलेल्या कित्येकांनी घरी पाहिलेलं किंवा कुजबुजीत ऐकलेलं काहीतरी होतं. भीती बनावट नव्हती. फक्त आम्हा दोघांना तिचा पत्ता ठाऊक नव्हता.

पण म्हणून सिनेमा थोर ठरत नाही. एवढी खरी भीती हाताशी आल्यावर रामसे तिचं काय करतात? विसरतात. जगदीपचा ‘शोले’ची नक्कल करणारा वेगळाच सिनेमा मध्ये घुसतो, नायिकेच्या आंघोळीवर कॅमेरा रेंगाळतो, हाणामाऱ्या होतात. ‘अर्धसत्य’ नुकताच गाजवून आलेले सदाशिव अमरापूरकर इथे हवेलीवर दिसतात, आणि त्यांच्या वाट्याला नजर रोखण्यापलीकडे फारसं काही येत नाही. आम्ही हे नोंदवत होतो, तेव्हा मामीचं लक्ष भलतीकडेच होतं. नायिकेचे वडील, ठाकूर रणवीरसिंग, म्हणजे प्रदीपकुमार. मुलीने प्रेमात पडू नये म्हणून ते आकाशपाताळ एक करतात. कारण शाप.

“त्यानं पोरीला सांगितलं का नाही आधी?” मामी म्हणाली. “शाप राजाला, मरायचं बायांनी, आणि कुणालाच विचारायचं नाही.” मग आमच्याकडे वळून म्हणाली, “आमच्याकडे पण असंच. पहिल्या खेपेला काय झालं होतं ते सासरच्यांना ठाऊक असायचं. केस पेपरवर लिहायला विचारलं की गप्प.”

या सिनेमावर इंग्रजीत आणि हिंदीत जे काही वाचलं, त्यात सामरीचे डोळे आहेत, धुराची मशीन आहे, हवेली आहे. ठाकूरची ही चूक कुणी पकडलेली मला आढळली नाही. मी स्वतः सिनेमा तीनदा पाहिला होता. मलाही तो प्रेमाला विरोध करणारा नेहमीचा हिंदी बाप वाटला होता. शेवटी सामरी जळतो, जोडपं सुटतं, संपलं. मामीने क्रेडिट्स बघत विचारलं, “मग हिला मूल झालं का नीट?” शाप सगळा बाळंतपणाचा, आणि शाप गेल्यानंतरचं एकही सुखरूप बाळंतपण सिनेमा दाखवत नाही. सैतान मेला की रामसेंचं काम झालं. सिनेमाची खरी खोट मला त्या प्रश्नात दिसते. झिप दिसली काय आणि न दिसली काय.

आता भांडण. रूममेटचं म्हणणं, बटाटेवड्याचा जोक आणि आपलं हसणं कापू, मामीची गोष्ट ठेवू. नाहीतर आपण निर्दय वाटतो. माझं म्हणणं, काहीच ठेवायचं नाही. ती बाई कुणाची तरी आई होती, आपल्या एपिसोडचा मसाला नाही. चौथ्या दिवशी मामीला फोन केला. ती म्हणाली, “नाव घेतलंय का मी? गाव घेतलंय? मग राहू दे. आणि तुमचं हसणं पण राहू दे. हसलात तर हसलात. वॉर्डात पण हसायचेच की लोक.”

सगळं ठेवलं. एपिसोडला आजवर सगळ्यात कमी लाइक आहेत.

मामीला लिंक पाठवली. तिने दोन बैठकीत पूर्ण ऐकला. सिनेमाबद्दल काही बोलली नाही. एपिसोडखालच्या माहितीत मी झटक्यांवरच्या इंजेक्शनचं नाव ‘मॅग्नेशियम सल्फाइड’ लिहिलं होतं. “सल्फेट,” तिने व्हॉइस मेसेज पाठवला, “सल्फेट लिही, लोक वाचतात.” दुरुस्त केलंय.