‘स्मृतिचित्रें’ : एक ऐतिहासिक साधन

पत्रें, महजर, सनदा, जमाखर्च यांस आपण अव्वल दर्जाचीं साधनें मानतों व आठवणींस दुय्यम लेखतों. हा दंडक सामान्यतः योग्यच आहे. परंतु कांहीं घटना अशा असतात कीं, दप्तरांत त्यांची नोंद एका ओळीची असते आणि त्यांचा खरा इतिहास माजघरांत घडलेला असतो. धर्मांतर ही अशांपैकींच एक होय. कै. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचा ‘स्मृतिचित्रें’ हा ग्रंथ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाला. त्याचा वाङ्मयदृष्ट्या गौरव पुष्कळ झाला आहे. येथें आम्हीं त्याचा विचार साधन म्हणून करूं इच्छितों.

कविवर्य नारायण वामन टिळक यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनीं तो १९०० सालीं घेतला. या दोन घटनांमधील अवकाश हाच आमच्या मतें ग्रंथाचा गाभा होय. तथापि धर्मांतरानें एक सुखी संसार मोडला, असा निष्कर्ष काढणें चुकीचें होईल. माहेरीं वडिलांचें सोंवळें इतकें कडक कीं, त्यापायीं सर्व घर जेरीस आलेलें. आणि सासरीं पति उदार, प्रतिभावान, परंतु शीघ्रकोपी व न सांगतां घर सोडून जाणारा. घराची घडी आधींच विसकटलेली होती. धर्मांतरानें त्या दुःखांत लोकलज्जेची व ताटातुटीची भर घातली.

धर्मांतराच्या प्रचारकी कथांत पूर्वायुष्य सर्व अंधार व उत्तरायुष्य सर्व प्रकाश, अशी वांटणी ठरलेली असते. प्रस्तुत ग्रंथ त्या सांच्यांत बसत नाहीं. पतीपाशीं परत आल्यावरही लक्ष्मीबाईंनीं आपली चूल व आपलें पाणी वेगळेंच ठेविलें. जाति ईश्वरानें केल्या कीं मनुष्यानें, या प्रश्नाचा निकाल त्यांच्या मनानें स्वतः लाविला. विटाळ आधीं सुटला आणि बाप्तिस्मा मागाहून आला. हा क्रम अभ्यासकांनीं अवश्य ध्यानांत घ्यावा. ज्या सोंवळ्यानें बालपण करपलें, त्यांतून सुटका हाच त्यांच्या उद्धाराचा आरंभ होता.

बाप्तिस्म्यानंतर तरी घर सुरळीत झालें काय? नाहीं. पतीचा संताप राहिला, दातृत्व राहिलें आणि पैशाची ओढही राहिली. १९१७ सालीं टिळकांनीं मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला, तेव्हां पुनः नवी घडी बसवावी लागली. लक्ष्मीबाईंस श्रद्धेनें दिलेली आशा निराळ्या जातीची आहे. घर तेंच, माणसें तींच. परंतु बाईंचें भय गेलें, आणि ज्यावर पूर्वीं रडावें त्यावर त्या हंसूं लागल्या. आपल्या पक्षास गैरसोयीची गोष्ट जो साक्षीदार लपवीत नाहीं, त्याची साक्ष आपण ग्राह्य धरतों. तोच न्याय येथें लावावा.

ग्रंथास मर्यादा आहेतच. प्रसंग घडून गेल्यावर कित्येक तपांनीं लिहिलेले असल्यामुळें त्यांतील संवाद शब्दशः खरे मानूं नयेत, व सालांचा क्रम अन्य पुराव्याशीं ताडून घ्यावा. टिळक १९१९ सालीं निवर्तले. त्यांच्या पश्चात् लिहितांना कांहीं कडवटपणा निवाला असणेंही संभवनीय आहे. शेवटचा भाग चिरंजीव देवदत्त यांनीं पुरा केला, हेंही विसरूं नये.

संग्राहकांस आमची एक विनंती आहे. अशा घटनांत घर सोडून गेलेल्याची बाजू पुष्कळदां छापून निघते; मागें राहिलेल्या आईबापांची, भावांची, स्त्रियांची बाजू क्वचितच उरते. लाजेपोटीं तीं पत्रें फाडलीं जातात, किंवा ‘घरगुती कागद’ म्हणून रद्दींत जातात. जुनीं दप्तरें चाळतांना असा एखादा कागद हातीं आल्यास तो निरुपयोगी समजून बाजूस सारूं नये. लक्ष्मीबाईंच्या साक्षीची खरी पारख अशाच कागदांवर व्हावयाची आहे.