गारव्याचे गलबत

अजिंठ्याच्या 2 क्रमांकाच्या लेण्यात, इसवी सनाच्या पाचव्या शतकातल्या त्या प्रसिद्ध गलबताच्या चित्रापुढे आपण उभे राहतो, तेव्हा नजर आधी जाते ती तीन डोलकाठ्यांवरच्या उंच, अरुंद शिडांकडे, मग नाळेवर रंगवलेल्या डोळ्याकडे आणि तिच्यापुढे वाऱ्याने टच्च फुगलेल्या शिडाकडे. मला मात्र मोह पडतो तो गलबतावरच्या छताखाली ओळीने मांडलेल्या घटांचा. त्यांत मला गार पाणीच दिसते. मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपावे, वाऱ्याने ते उडून जावे आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता सोबत न्यावी; वर छत असल्याने उन्हाचा तिथे शिरकाव नाही. आजच्या शिडाच्या होडीवर वातानुकूलन यंत्र बसवतात, तेव्हा केबिनमधली उष्णता खेचून घेतलेल्या समुद्राच्या पाण्यातच सोडली जाते. चित्रकाराच्या नाविकांचे काम छत, माती आणि वारा एवढ्यावरच भागलेले!

आणि आपण कथेत शिरलो की हा गारवा अधिकच गहिरा होतो. चित्र आहे पूर्णावदानाचे, म्हणजे पूर्णाच्या बौद्ध कथेचे. पूर्ण हा शूर्पारकाचा, म्हणजे आपल्या नालासोपाऱ्याचा व्यापारी. तिथल्या राजाला दाहज्वर झाला, वैद्यांनी गोशीर्ष चंदनाचा लेप सांगितला, आणि ते चंदन होते पूर्णापाशी. पुढे तो भिक्षू झाला. त्याचा भाऊ भविल याच चंदनासाठी समुद्रापार गेला, तेव्हा चंदनवनाच्या रक्षक यक्षाने वादळ उठवले. चित्रात भविल हात जोडून पूर्णाचा धावा करतो आहे. ज्या वाऱ्याने घट गार व्हायचे, तोच इथे जिवावर उठलेला. आणि ज्याच्यासाठी हा सारा जिवावरचा खेळ, ते चंदन तरी काय, शीतलताच की! एका लहानशा भित्तिचित्रात वाऱ्याची ही दोन्ही रूपे सामावणारा तो अनाम चित्रकार किती मोठा असेल!

त्याच्या रेषांवर भरवसा ठेवून आपल्या काळात खरे जहाज बांधले गेले. आराखडा नव्हता, होते ते हे चित्र. नौदलाने ते चित्र पुढे ठेवले, आयआयटी मद्रासने पाण्यातल्या चाचण्यांत हात दिला आणि गोव्याच्या होडी इनोव्हेशन्सच्या गोदीत बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या केरळी कारागिरांनी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या. 21 मे 2025 रोजी कारवारला ‘कौंडिण्य’ नौदलात दाखल झाले आणि डिसेंबरअखेर, इंजिनाशिवाय, पोरबंदरहून मस्कतला निघाले. तिथे ते 14 जानेवारी 2026 रोजी सुखरूप पोहोचले.

अजिंठ्याला गेलात की पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीपुढे गर्दी असेलच. तिथून दोन पावले पुढे जा आणि छताखालचे ते घट अवश्य पाहा.