दिवसाउजेडी दीपस्तंभ

आजोबांच्या शोकसभेत चार जण बोलले. त्यातल्या तिघांनी त्यांना ‘दीपस्तंभ’ म्हटलं. घरी आल्यावर आजीने मला विचारलं, “तो समुद्रातला मनोरा ना रे? त्याच्याजवळ कोण राहतं?”

तेव्हा मला एक चित्र आठवलं. अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपरचं, १९२९ सालचं ‘द लाइटहाऊस ॲट टू लाइट्स’. ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. फोनवर शोधलंत तर लगेच सापडेल.

दीपस्तंभ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रात्र येते, वादळ येतं, अंधार कापत जाणारा झोत येतो. हॉपरने यातलं काहीच घेतलेलं नाही. लख्ख ऊन आहे, निळं आकाश आहे. समुद्र तर दिसतच नाही. ज्याच्यासाठी दीपस्तंभ बांधला, तोच चित्राबाहेर! दिसतो तो गवताचा चढ, वर मनोरा आणि त्याला लागून बुटक्या इमारती. मनोऱ्याची एक बाजू उन्हात, दुसरी सावलीत.

या मनोऱ्यात अनेकांना एकटा, ताठ माणूस दिसतो. काहींना खुद्द हॉपरच. मला हे अर्धंच पटतं. नुसतं एकटेपण रंगवायचं असतं, तर त्या इमारती गाळता आल्या असत्या. त्याने त्या ठेवल्या. दीपस्तंभाचं प्रतीक होतं ते बोटीवरून बघणाऱ्यांसाठी, कारण त्यांना फक्त दिवा दिसतो. हॉपर मात्र जमिनीवर, चढाच्या पायथ्याशी उभा आहे. तिथून भिंती दिसतात, छपरं दिसतात, सावली दिसते.

ही जागा मेन राज्यातल्या केप एलिझाबेथची. दोन दीपस्तंभांमुळे तिला ‘टू लाइट्स’ म्हणतात. पण पश्चिमेकडचा दिवा १९२४ मध्येच बंद झाला होता. हॉपरने चित्र काढलं तेव्हा नावात दोन दिवे होते, लागत होता एकच. मोठेपणाची नावंही अशीच मागे राहतात.

आजोबांनी गावातल्या कितीतरी मुलांच्या फिया भरल्या, हे खरं. घरात ते आजीशी फारसं बोलत नसत, हेही खरं. ‘दिव्याखाली अंधार’ म्हणून त्यांना निकालात काढणं सोपं आहे. हॉपर तसं करत नाही. त्याच्या चित्रात मनोरा उंचच राहतो, फक्त खालचं घरही त्याच उन्हात दिसतं.

आजीला मी ते चित्र फोनवर दाखवलं. तिने दोन बोटांनी ते मोठं केलं, मनोऱ्यावरून खाली सरकवलं आणि घरापाशी थांबवलं.