‘इथं पाहण्यासारखं काही उरलं नाही’

मागच्या हिवाळ्यातला एक रविवार. सकाळी साडेसातला भंडाऱ्याहून आमची मिनीबस निघाली. माणशी साडेसहाशे रुपये, त्यात नाश्ता, जेवण आणि गाईड. पत्रकावर छापलं होतं : ‘विदर्भाच्या काशीत एक दिवस : इतिहास, अध्यात्म आणि निसर्ग’.

हे वाक्य माझं आहे. आयोजकांपैकी एक जण माझा मित्र. त्यानं व्हॉट्सअॅपवर मजकूर मागितला आणि मी दहा मिनिटांत लिहून पाठवला. पवनीला त्याआधी मी दोनदाच गेले होते, दोन्ही वेळा लग्नाला. तेव्हा पुढे जी टीका येणार आहे, तिच्यातला बराच वाटा माझ्या खात्यावर लिहून घ्या.

आपण पुस्तकाचं परीक्षण लिहितो, सिनेमाचं लिहितो, वेबसिरीजचं तर रात्री दोनलाही लिहितो. सहलीचं मात्र फक्त ‘मस्त झाली’ किंवा ‘जेवण गार होतं’ एवढंच होतं. खरं तर गाईडसोबतचा एक दिवस ही पूर्ण संहिता असते. तिला सुरुवात आणि शेवट असतो, निवेदक असतो. काय दाखवायचं, कुठं किती वेळ थांबायचं आणि कशासमोरून बस न थांबवता न्यायची, हे कुणीतरी आधी ठरवलेलं असतं. म्हणजे संपादनही असतं. मी त्या दिवसाकडे तसंच पाहणार आहे.

आमचा क्रम असा होता. आधी भंडाऱ्यातच मेंढ्याचा भृशुंड गणेश. मग पवनीचा पंचमुखी गणेश. हे दोन्ही विदर्भाच्या अष्टविनायकांतले. नंतर वैनगंगेचे घाट, किल्ल्याचा दरवाजा, जगन्नाथ टेकडी. जेवणानंतर गोसेखुर्दचं धरण, आणि परत येताना रुयाड-सिंदपुरीचा महास्तूप.

गाईड म्हणजे एक निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना ‘सर’च म्हणत होते. आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं, पोरांना हसवायचंही जमतं. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी जे सांगितलं ते बहुतेक बरोबरच होतं. अडचण वाक्यांच्या घडणीत होती, आणि ती घडण आपल्या सगळ्यांचीच आहे.

घाटावर सर म्हणाले, ‘ही विदर्भाची काशी.’ टेकडीवर म्हणाले, ‘सांचीच्या तोडीचा स्तूप होता इथं.’ धरणावर म्हणाले, ‘समुद्रासारखं वाटतं की नाही?’ दिवसभरात पवनी स्वतःसारखी एकदाही झाली नाही. प्रत्येक ठिकाणी ती दुसऱ्या कुणाची तरी धाकटी बहीण होती. आपल्या गावाचं कौतुक करताना आपण असं का करतो? मला वाटतं, आपल्या गावाकडे कुणी मुद्दाम बघायला येईल यावर आपला विश्वास नसतो. म्हणून मोठ्या नावाचा हात धरून आपण ते पुढे ढकलतो. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र काशी आणि सांचीच उरतात. बसमधल्या दोन मुली परतताना सांचीला कसं जायचं ते मोबाईलवर शोधत होत्या. त्यांना दोष कसा देणार?

आता जगन्नाथ टेकडी. या दिवसाची खरी परीक्षा इथं होती.

१९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथं उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी ते चालवलं, १९७२ मध्ये त्याचा अहवालही आला. देवळाखालच्या टेकाडात इसवी सनापूर्वीच्या काळातला विटांचा मोठा स्तूप निघाला. भोवतीच्या दगडी कठड्याचे कोरीव खांब निघाले, ब्राह्मी अक्षरं निघाली. नंतर १९९४ मध्ये पवनीत पुन्हा खोदकाम झालं.

टेकडीवर आम्ही सात मिनिटं होतो. मी घड्याळ लावून पाहिलं. पंचमुखी गणेशासमोर चाळीस मिनिटं मिळाली होती. सरांनी सन सांगितला, सांचीचं नाव घेतलं आणि म्हणाले, ‘बाकी इथं पाहण्यासारखं काही उरलं नाही. चला, जेवण थांबलंय.’

शेजारी बकऱ्या घेऊन एक म्हातारी उभी होती. तिनंच मला विचारलं, ‘काय पायता जी?’ मी म्हटलं, आजी, इथं खोदलं होतं ना, ते. ती म्हणाली, ‘हो, खोदलं तवा लय लोकं आले होते. आमचा बाप कामावर होता. मंग सारं नागपूरले नेलं.’

‘पाहण्यासारखं काही उरलं नाही’ आणि ‘सारं नागपूरले नेलं’ या दोन वाक्यांची तुलना करून बघा. पहिल्या वाक्यात वस्तू आपोआप संपतात, जणू काळानंच त्या खाल्ल्या. दुसऱ्या वाक्यात कुणीतरी नेतं, कुठंतरी नेतं, आणि खोदणाऱ्या हातांना एक बापही असतो. पहिलं वाक्य गाईडचं, दुसरं बकऱ्या राखणाऱ्या बाईचं. इतिहासाचं वाक्य दुसरंच आहे. त्यातून पुढचा प्रश्न निघतो : नागपूरला जाऊन ते पाहता येईल का? येईल. इथल्या वस्तू नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहेत. १८६३ पासूनचं हे संग्रहालय जुनी माणसं अजूनही अजब बंगला म्हणतात. टेकडीवर उभं राहून, अजब बंगल्यातल्या दगडाचा फोटो मोबाईलवर दाखवत एखाद्या गाईडनं बोलावं, यासाठी खर्च कसला? ‘उरलं नाही’ म्हणण्याऐवजी ‘इथून तिथं गेलं’ म्हणायचं, एवढंच.

त्या खांबांपैकी एकावर मुचलिंद नाग कोरलेला आहे. वादळी पावसात बुद्धांवर फणा धरणारा तो नाग. शिल्पासोबत त्याचं नावही कोरलंय. मला हे फार आवडतं. दोन हजार वर्षांपूर्वी कुणाला तरी वाटलं की बघणाऱ्याला हा कोण ते कळायला हवं, आणि त्यानं दगडातच नाव लिहून ठेवलं. पवनीचा पहिला गाईड तो. त्यानं ‘अमुक ठिकाणच्या नागासारखा’ असं लिहिलं नाही. नुसतं नाव लिहिलं.

पुढचा मुद्दा जास्त अवघड आहे, आणि तो बसमध्ये कुणीच काढला नाही. मीही नाही.

जगन्नाथ टेकडीवर सरांची गोष्ट इसवी सनापूर्वी सुरू झाली. तीन तासांनी रुयाडच्या महास्तुपासमोर ती थेट २००७ मध्ये उतरली. ‘भारत-जपान सहकार्यातून उभा राहिलेला भव्य स्तूप.’ मधल्या दोन हजार वर्षांचं काय? इथं दरवर्षी फेब्रुवारीत धम्म महोत्सव भरतो, माणसं लांबून येतात. ती कोण आहेत? वैनगंगेकाठी विसाव्या-एकविसाव्या शतकात पुन्हा स्तूप का उभा राहिला? या प्रश्नाचं उत्तर जपान नाही. ते इथून शंभर किलोमीटरच्या आत आहे : नागपूर, १४ ऑक्टोबर १९५६. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो माणसांना दिली. नागपूरच का, हे सांगताना त्यांनी नाग लोकांचा वारसा सांगितला होता. मुचलिंद नागाचा खांब सापडायला तेव्हा अजून तेरा-चौदा वर्षं होती.

भंडाऱ्याचा तर त्याहून जवळचा संबंध आहे. १९५४ मध्ये बाबासाहेब भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष आपल्या जिल्ह्यात मतं मागत फिरला आणि जिल्ह्यानं त्याला नाकारलं. आमच्या दिवसभराच्या ‘इतिहासा’त हे वाक्य कुठंच नव्हतं. माझ्या पत्रकातही नव्हतं, आणि मला ते माहीत होतं. लिहिताना एक क्षण आठवलंही होतं. मग वाटलं, सहलीच्या पत्रकात राजकारण कशाला?

प्राचीन बौद्ध वारसा आपल्याला चालतो, कारण तो दगडाचा आहे. त्या दगडाशी आज नातं सांगणारी माणसं आली की आपण घड्याळ बघतो. ‘बौद्धकालीन’ हा शब्द आपण किती सहज वापरतो. जणू तो काळ संपला, आता फक्त टेकड्या.

याउलट काय करता येतं, याचं एक उदाहरण दूरचं आहे. व्हिएतनाममधलं ह्वे शहर, एकेकाळची राजधानी, १९९३ पासून जागतिक वारसा यादीत. तिथल्या एका दिवसाच्या सहलींचे व्हिडिओ मी पाहत असते. किल्ला, राजांच्या समाध्या, मग नदीकाठचा थिएन मू पॅगोडा. त्याची स्थापना १६०१ सालची. त्याच आवारात एक जुनी निळी ऑस्टिन मोटार ठेवलेली आहे. १९६३ मध्ये थिक क्वांग डुक हे भिक्खू या मोटारीतून सायगावच्या चौकात गेले आणि बौद्धांवरच्या दडपशाहीच्या निषेधार्थ त्यांनी स्वतःला जाळून घेतलं. चारशेहून अधिक वर्षं जुन्या पॅगोड्याच्या अंगणात साधी मोटार. गाईडला ती टाळता येत नाही, समोरच उभी असते. ती पाहिल्यावर पॅगोडा नुसता ‘प्राचीन’ राहत नाही. आमच्या दिवसात अशी मोटार हवी होती.

आणि निसर्ग. पत्रकातला तिसरा शब्द.

गोसेखुर्दच्या धरणावर सरांनी माहिती दिली : १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन, ३३ दरवाजे, २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा. मग म्हणाले, ‘हा अथांग जलाशय बघा आणि फोटो काढा. पंधरा मिनिटं.’ माझ्या शेजारी बसलेल्या मावशी बसमधून उतरल्याच नाहीत. मी विचारलं, बरं नाही का? त्या म्हणाल्या, ‘माझं माहेर त्या पाण्यात हाय. भाऊ दरसाली उन्हाळ्यात जाऊन पायते, पांदणीवरची चिंच दिसते का म्हणून.’ आणि त्यांनी मला डब्यातला चिवडा दिला.

‘अथांग’ हा शब्द तेव्हापासून माझ्या घशात अडकलाय. त्या पाण्याला थांग आहे. त्याच्या तळाशी पांदण आहे, चिंच आहे, एका बाईचं माहेर आहे. आणि ते पाणी नुसतं निसर्गाचंही नाही. नागपूरचं सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते सगळं इथं येऊन थांबतं. सौंदर्याचा शब्द वापरायला माझी हरकत नाही. पण एखादा शब्द कुणाला बसमध्येच बसवून ठेवत असेल, तर तो तपासायला हवा.

कुणी म्हणेल, साडेसहाशे रुपयांत तू काय काय मागतेस? सुट्टीच्या दिवशी लोकांना रडवायचं का? मला हा आक्षेप मान्य आहे. रडवू नये. पण याच तालुक्याच्या जंगलात ‘जय’ वाघासाठी महाराष्ट्रभरातून लोक येत होते. २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला, त्यावर आपण अजून बोलतो. त्याचा जन्म, त्याचा इलाखा, त्याची पिल्लं, सगळं आपल्याला पाठ असतं. एका वाघाची बिनशेवटाची गोष्ट आपण कंटाळा न करता ऐकतो. मग माणसांची का ऐकणार नाही? प्रवाशांना खोली नको असते, हे प्रवाशांनी कधी सांगितलेलं नाही. ते आयोजकांनी आणि पत्रक लिहिणाऱ्यांनी ठरवलेलं आहे.

त्या रात्री मी मित्राला नवा मजकूर पाठवला. ‘विदर्भाची काशी’ काढली. लिहिलं : ‘पवनी. विटांचा स्तूप इथं आहे, त्याचे कोरीव दगड नागपूरला आहेत, दोन्ही दाखवू. १९५४ आणि १९५६ बद्दल बोलू. धरणावर, त्या पाण्याखालच्या गावातलं कुणी बोलायला तयार असेल, तर आधी त्यांचं ऐकू, मग फोटो.’

दोन निळ्या टिका आल्या. बऱ्याच वेळानं उत्तर आलं : ‘लांब झालंय. आणि टेकडीला जास्त वेळ द्यायचा तर मेंढा सोडावं लागेल.’

मी लिहिलं, मेंढा भंडाऱ्यातच आहे, लोक केव्हाही जातील.

‘बघतो,’ म्हणाला. मग आणखी एक मेसेज : ‘त्या मावशींचा नंबर आहे का तुझ्याकडे?’

नव्हता. चिवडा खाल्ला, नंबर घेतला नाही. आता तो शोधतेय.