खुर्चीमागची जागा : सांघिक नेमबाजी खेळांतल्या नवख्याचा प्रश्न

आमच्या लहानपणी गल्लीत विषामृत किंवा लपंडाव रंगला की कुणाचं तरी धाकटं भावंडं रडत यायचं आणि त्याला खेळात घ्यावंच लागायचं. त्याला आम्ही ‘लिंबूटिंबू’ म्हणायचो. लिंबूटिंबूवर राज्य येत नसे. तो बाद झाला तरी बाद धरला जात नसे. सगळ्यांबरोबर पळावं, ओरडावं, पडावं आणि पाहता पाहता खेळ शिकावा, एवढंच त्याचं काम. एक दिवस कुणीतरी म्हणे, ‘आता हा काही लिंबूटिंबू नाही हं’, आणि तो खेळाडू होई.

गेल्या वर्षी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, मी ‘व्हॅलोरंट’ हा संगणकावरचा सांघिक नेमबाजीचा खेळ खेळू लागले, तेव्हा मला या लिंबूटिंबूची फार आठवण झाली. पहिला सामना आम्ही ३-१३ असा हरलो. सोळा फेऱ्यांत मी पंधरा वेळा मेले आणि एकाला मारलं, तेही त्याची पाठ माझ्याकडे होती म्हणून. हा सारा हिशेब माझ्या नावासमोर, दहाही खेळाडूंना दिसेल असा फलकावर लागला होता. मी लिंबूटिंबू होते, पण ते त्या फलकाला सांगायची सोय नव्हती.

नाटक आणि खेळ या दोन्ही विषयांवर मी अधूनमधून लिहिते. या खेळांवर मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुधा दोन प्रकारचं असतं. एक, मुलं बिघडतात ही पालकांची काळजी. दोन, बक्षिसांच्या रकमांचं कौतुक. खेळाची रचना माणसाला आत कशी घेते किंवा बाहेर कशी ठेवते, हा समीक्षेचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो विचारण्यासाठी मी चार महिने रात्री नऊनंतर खेळले आणि शेजारी वही ठेवली. माझा गुरू म्हणजे थोरल्या बहिणीचा एकोणीस वर्षांचा मुलगा.

<b>एका माणसाचं वजन</b>

आधी खेळाचा आराखडा. १९९९ साली ‘हाफ-लाइफ’ या खेळात बदल करून मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी ‘काउंटर-स्ट्राइक’ तयार केला. व्हॅलोरंट २ जून २०२० रोजी आला, तो याच घराण्यातला. पाच विरुद्ध पाच. एका बाजूने ‘स्पाइक’ नावाचा स्फोटक ठरलेल्या जागी लावायचा, दुसरीने तो लावू द्यायचा नाही किंवा लावलाच तर निकामी करायचा. फेरी १०० सेकंदांची. स्पाइक लावल्यावर ४५ सेकंदांत फुटतो आणि निकामी करायला ७ सेकंद लागतात. बारा फेऱ्यांनंतर बाजू बदलतात, आणि आधी तेरा फेऱ्या जिंकेल तो संघ विजयी. फेरीत मेलेला खेळाडू त्या फेरीपुरता मेलेलाच राहतो. जिवंत करण्याची विद्या एखाद्याच पात्राकडे असते. कबड्डीत आपल्या संघाने गडी टिपला की बाद झालेला गडी आत येतो, तशी सवलत इथे नाही.

या खेळात क्रमवारीचे सामने वेगळे आणि ‘अनरेटेड’, म्हणजे क्रमवारीविना चालणारे सामने वेगळे. क्रमवारीत उतरायला खात्याची विसावी पातळी गाठावी लागते, म्हणून नवखा आधी अनरेटेडमध्येच येतो. नियम जवळजवळ तेच, फक्त हरल्याने हुद्दा उतरत नाही. वरवर पाहता ही नवख्यांची पाठशाळा वाटते. पण पाचांतला एक म्हणजे संघाचा पाचवा हिस्सा. मैदान तेच, शस्त्रं तीच, वेळ तोच, आणि बरोबरच्या चार अनोळखी माणसांचा अर्धा-पाऊण तासही खराच. हुद्दा पणाला नसला तरी संध्याकाळ पणाला असते. मोफत असलेल्या या सामन्याची किंमत हीच आहे, आणि नवख्यावर निघणारा राग बहुतेक वेळा तिथूनच येतो.

<b>गुंड्या आधी, कापणी नंतर</b>

नवख्याला मिळणारा सल्ला ठरलेला असतो : आधी नेम सुधार. सरावाच्या मैदानात रोज अर्धा तास पुतळ्यांवर गोळ्या झाड, मग सामन्यात ये. भाच्यानेही हेच सांगितलं. ‘मावशी, तू पळत पळत गोळ्या झाडतेस. थांब, मग मार. आणि डोक्याच्या उंचीवर नेम धरूनच चाल.’ सल्ला खरा आहे. या खेळात धावताना झाडलेली गोळी भरकटते, आणि ‘व्हँडल’ बंदुकीची एक गोळी डोक्यात बसली की कितीही अंतरावरून माणूस पडतो. तरीही या सल्ल्यात एक गृहीत दडलेलं आहे : एकट्याने शिकून यायचं आणि संघात परीक्षा द्यायची.

जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी १९९१ साली शिकण्याविषयी एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात लायबेरियातल्या शिंप्यांचं उदाहरण आहे. तिथला शागीर्द कापड कापण्यापासून सुरुवात करत नाही. तो आधी गुंड्या लावतो, काठ शिवतो. मग शिवण शिकतो आणि सगळ्यात शेवटी कात्री हाती घेतो. कपडा ज्या क्रमाने तयार होतो त्याच्या बरोबर उलटा हा क्रम आहे. कारण साधं आहे. गुंडी चुकली तर उसवता येते, कापड चुकीचं कापलं तर वाया जातं. जिथे चूक स्वस्त आहे तिथून शागीर्द आत येतो, आणि पहिल्या दिवसापासून तो दुकानाच्या खऱ्या कामातच असतो.

हा निकष घेऊन मी वही पुन्हा वाचली. सांघिक नेमबाजीत महाग काय? समोरासमोरची पहिली चकमक महाग, कारण ती हरली की चार विरुद्ध पाच होतं. खरेदीही महाग. पहिल्या फेरीला प्रत्येकाकडे ८०० क्रेडिट असतात आणि व्हँडलला २९०० पडतात. संघ पैसे साठवत असताना मी एकटीने बंदूक घेतली, मेले, आणि ती बंदूक शत्रूने उचलली, असं माझ्या वहीत पहिल्या पंधरवड्यात चारदा आहे. त्या चुकीचा हप्ता पुढच्या फेरीतही फेडावा लागतो.

मग स्वस्त काय? बातमी. शत्रू कुठून आला, किती जण होते, पावलं कुठे वाजली, स्पाइक कुणाकडे दिसला, हे सांगायला नेम लागत नाही. ‘दोघं, डावीकडे, एक जखमी’ एवढं वाक्य पुरतं. ते सांगताना मेलात तरी बातमी जिवंत राहते. भाच्याला हे पटलं नाही. ‘गोळी लागलीच नाही तर सांगून काय उपयोग?’ माझं उत्तर असं की गोळी लागणाऱ्याला कुठे पाहायचं हे कुणीतरी सांगावं लागतं. नवखा नेमबाज नसला तरी पहारेकरी होऊ शकतो. गुंडी लावणं ते हेच.

<b>खुर्चीमागे उभं राहणं</b>

दुसरी स्वस्त गोष्ट मला मेल्यावर सापडली. मेलेल्या खेळाडूला उरलेल्या फेरीत जिवंत सोबत्याच्या डोळ्यांनी खेळ दिसतो. सुरुवातीला मी त्या वेळात पाणी पिऊन यायचे. मग पाहू लागले. कुशल खेळाडू दार ओलांडण्याआधी कोपऱ्यांवर एकेक करून नेम फिरवतो. तो धावण्यापेक्षा चालतो जास्त, कारण धावणाऱ्याची पावलं ऐकू जातात. एकटा उरल्यावर तो स्पाइकला हात लावून मुद्दाम सोडतो, म्हणजे तो आवाज ऐकून शत्रू बाहेर येतो. यातलं काहीच सरावाच्या मैदानात दिसत नाही. पंधरा वेळा मरणाऱ्याला ही शिकवणी सगळ्यांत जास्त मिळते.

या दृश्याला आपल्याकडे एक पूर्वज आहे. २००३च्या सुमारास आमच्या गावातल्या सायबर कॅफेत माझा धाकटा भाऊ काउंटर-स्ट्राइक खेळायला जायचा. तासाचे पैसे नसले तरी जायचा. खेळणाऱ्याच्या खुर्चीमागे उभं राहून तासन्‌तास बघायचं, मधेच ‘मागे बघ, मागे!’ म्हणून ओरडायचं. कुणी उठून गेलं की उरलेली दहा मिनिटं याला मिळायची. खुर्चीमागची ती जागा म्हणजे लिंबूटिंबूची जागा होती : खेळात असलेली आणि नसलेली. घरोघरी इंटरनेट आल्यावर कॅफे ओस पडले आणि ती जागाही गेली. मेल्यावर सोबत्याच्या डोळ्यांतून पाहणं हा तिचा उरलेला तुकडा आहे. माझ्या मते या खेळप्रकाराच्या रचनेतली ती सर्वांत उदार गोष्ट आहे, आणि खेळ स्वतः मात्र तिला शिक्षेच्या वेळेपलीकडे काही मानत नाही.

हे आकड्यांतही दिसतं. भौतिकशास्त्रज्ञ आर्पाद एलो यांनी बुद्धिबळासाठी तयार केलेली गुणांकनाची रीत अमेरिकी बुद्धिबळ संघटनेने १९६०मध्ये आणि जागतिक संघटनेने १९७०मध्ये स्वीकारली. आजच्या खेळांत जोड्या जुळवणारी गणितं त्याच विचाराची वंशज आहेत. बुद्धिबळात ती शोभते, कारण तिथे हार एकाचीच असते. संघात मात्र गणिताला निकाल दिसतो, मारलेले आणि मेलेले मोजता येतात. माझ्या एका वाक्याने वाचलेली फेरी मोजता येत नाही. फलकावर बातमीचा रकाना नाही. म्हणून नवखाही तोच फलक पाहून स्वतःला निकामी ठरवतो.

<b>आवाजाची किंमत</b>

इथवर लिहिलं तेव्हा युक्तिवाद पुरा झाला असं मला वाटलं होतं. पण वहीत एक गोष्ट सारखी येत होती आणि मी ती टाळत होते. पहिले सहा आठवडे मी स्वतःच माइक बंद ठेवला होता.

नवख्याचं स्वस्त काम बातमी देणं, पण बातमी द्यायला आवाज लागतो. आणि माझा आवाज बाईचा, तोही चाळिशीतल्या बाईचा. पहिल्यांदा बोलले तेव्हा क्षणभर शांतता, मग हसू. ‘आंटी, खाना बन गया क्या?’ पुढच्या फेरीत मी दिलेली बातमी बरोबर होती. तिच्याकडे कुणी वळलं नाही आणि फेरी गेली. त्या रात्री मी माइक बंद केला आणि नुसत्या खुणांवर भागवलं. नकाशावर खूण करता येते, ती बरीच उपयोगी पडते. पण ‘थांब, अजून एक मागे आहे’ हे खुणेने सांगता येत नाही.

म्हणजे मी वर ज्याला स्वस्त चूक म्हटलं, ती सगळ्यांना सारखी स्वस्त नाही. भाच्याची चुकीची बातमी ही चुकीची बातमी असते. माझी चुकीची बातमी समस्त बायकांची असते. आणि मी ज्या खुर्चीमागच्या जागेचं इतकं कौतुक केलं, तिचंही खरं सांगायला हवं. भावाला घरी बोलवायला मला पाठवत, तेव्हा मी कॅफेच्या दाराबाहेर सायकल धरून उभी राहायचे. आत जायला कुणी मनाई केली नव्हती. पण ती जागा आपली नाही हे सांगावंही लागलं नव्हतं. इंटरनेटने ते दार उघडलं, कारण घरात बसलेल्या मला कुणी पाहत नव्हतं. तोंड उघडलं आणि मी पुन्हा दाराबाहेर.

भाषेचंही थोडं असंच आहे. मुंबईच्या सर्व्हरवर कारभार हिंदीत आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत चालतो. एकदा घाईत माझ्या तोंडून ‘अरे जिना, जिना!’ निघून गेलं आणि पलीकडून आवाज आला, ‘जिन्यात किती, ताई?’ त्या एका ‘ताई’ने पुढच्या सात-आठ फेऱ्या मी न अडखळता बोलले. सामना आम्ही ११-१३ असा हरलो. माझे बळी पाच होते, मरणं अठरा. वहीत मात्र मी त्या सामन्यापुढे ‘खेळले’ असं लिहिलं आहे; तोवर ‘हरले’ आणि ‘जिंकलो’ एवढंच लिहीत असे.

<b>लिंबूटिंबू कोण ठरवतं?</b>

लिंबूटिंबू हा नियम कुठल्याही पुस्तकात नव्हता. तो गल्लीतल्या मोठ्या मुलांनी दिलेला होता, आणि त्यांना तो देता येई, कारण उद्या पुन्हा त्याच पोरांबरोबर खेळायचं असे. अनोळखी दहा जणांच्या सामन्यात उद्या नसतो, म्हणून उदारपणाला कारण उरत नाही. रचनेने ही उणीव थोडी भरून काढता येईल. बातमीची नोंद फलकावर व्हावी. मेल्यावर कुणाच्या डोळ्यांनी आणि काय पाहावं, हे नवख्याला सुचवलं जावं. पण उरलेलं काम माणसांचंच आहे.

सुरुवात करणाऱ्याला माझं सांगणं थोडक्यात असं : क्रमवारीची घाई करू नका. शक्य झालं तर एखाद्या ओळखीच्या माणसाबरोबर उतरा, म्हणजे चारांपैकी एकाला तरी उद्या तुम्ही भेटणार असता. संघ साठवतो तेव्हा साठवा. जे दिसलं ते आधी सांगा, मग झाडा. मेल्यावर उठून जाऊ नका.

आणि जुन्या खेळाडूंना एकच विनंती. मागच्या महिन्यात आमच्या संघात एक माइक बंद असलेला खेळाडू होता. पाच फेऱ्यांत पाच वेळा मेला. कुणीतरी शरणागतीचा कौल मागितला. मी नकार दिला आणि म्हणाले, ‘बोलायचं नसेल तर नको बोलूस, फक्त खूण कर. मी सांगते सगळ्यांना.’ पुढच्या फेरीत नकाशावर एक खूण उमटली, अगदी बरोबर जागी. तो कोण होता की होती, मला माहीत नाही. सामना संपला आणि आम्ही पांगलो.